हार्ट अटॅकनंतरची गोळी परस्पर बंद करू नका

मा. संपादक,

‘हार्ट अटॅकनंतर बीटा ब्लॉकरचा काही उपयोग नाही’ अशा अर्थाचे संदेश मोबाइलवर फिरत असतात. बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारी गोळी. यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्यावर विसंबून मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या एका दिवसात सोडून देणे मात्र धोक्याचे आहे.

या गोळ्यांचा दबदबा १९८० च्या सुमाराच्या चाचण्यांमुळे निर्माण झाला. प्रोप्रॅनोलॉलच्या अमेरिकी चाचणीत सुमारे दोन वर्षांत गोळी घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ९.८ टक्के रुग्ण दगावले. तेव्हा स्टेंट नव्हते, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिनही नव्हते. आता बंद रक्तवाहिनी काही तासांत उघडता येते, म्हणून प्रश्न पुन्हा विचारला गेला. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत, पंपिंग (हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर फेकते ते) ५० टक्के किंवा अधिक असलेल्या ५,०२० रुग्णांत गोळीने मृत्यू वा दुसरा अटॅक कमी झाला नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीच्या चाचणीतही ४० टक्क्यांहून अधिक पंपिंग असलेल्यांना फायदा दिसला नाही. नॉर्वे-डेन्मार्कच्या चाचणीत मात्र थोडा फायदा दिसला, तोही प्रामुख्याने दुसरा अटॅक टळण्यात. सर्व आकडे एकत्र पाहिले तर ४० ते ४९ टक्के पंपिंगच्या गटाला गोळीचा लाभ होतो. ४० च्या खाली तर वादच नाही, तिथे ती जीव वाचवते.

म्हणून आधी घरातला टूडी इकोचा कागद काढून त्यावरचा ‘ईएफ’चा, म्हणजे पंपिंगचा, आकडा पाहावा. इको अटॅकच्या दिवशीचा असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. मार बसलेला स्नायू काही आठवडे बधिर राहतो आणि मग सावरतो, त्यामुळे सहा ते बारा आठवड्यांनी इको पुन्हा करावा. पंपिंग उत्तम असले तरी अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणे), ठोक्यांची अनियमितता किंवा रक्तदाब यांसाठी गोळी चालू असू शकते. अनेकांना ती नुसती ‘प्रेशरची गोळी’ वाटते आणि प्रेशर नॉर्मल आले की ते ती सोडतात.

अचानक सोडल्यावर बिघडते ते असे. गोळी अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवून धरते, तेव्हा शरीर त्याला प्रतिसाद देणारी केंद्रे वाढवते. गोळी थांबली की ही वाढलेली केंद्रे एकदम मोकळी होतात. ठोके व दाब उसळतात, छातीत दुखते, पुन्हा अटॅकही येऊ शकतो. पहिले दोन आठवडे विशेष जपण्याचे. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत. त्या काळात पाखाडी चढणे, जाळी ओढणे, आंब्याच्या पेट्या उचलणे नको.

कोकणात गोळी तुटते ती बऱ्याचदा प्रवासामुळे. गणपती झाले की चाकरमानी आई-वडिलांना मुंबईला नेतात आणि गोळ्यांचे पाकीट गावच्या घरात कोनाड्यात राहते. उपचार करणारे डॉक्टर कोल्हापूरला, गोव्यात बांबोळीला नाहीतर मुंबईला, आणि पावसात घाट बंद! पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवाव्यात.

दुकानात बदली गोळी घेताना मेटोप्रोलॉलच्या नावापुढचा शब्द वाचावा. ‘सक्सिनेट’ (एक्सएल किंवा ईआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) दिवसातून एकदा घेतात, ‘टार्ट्रेट’ दोनदा. पाकिटावर दोन्हीकडे ५० मि.ग्रॅ. दिसले तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. एक्सएल गोळी चावू वा कुटू नये. मधोमध रेघ असेल तरच अर्धी करावी. कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्यावी. उपाशीपोटी ती लवकर शोषली जाते आणि उठताना घेरी येते. एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत.

बसल्या जागी नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, किंवा वरचा दाब ९० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नाडी अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब हेही बीटा ब्लॉकरच, ते डोळ्यांतून रक्तात उतरतात. दमेकऱ्यांनी हे थेंब आणि गोळ्या दोन्हींबद्दल सांगावे. व्हेरापामिल वा डिल्टियाझेम ही हृदयाची औषधे सोबत चालू असल्यास तेही लपवू नये, कारण दोन्ही मिळून ठोके फारच मंदावतात.

हृदयरुग्णाला घरी सोडणाऱ्या रुग्णालयांना एकच विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर पंपिंगचा आकडा, बीटा ब्लॉकर कशासाठी दिली आणि तिचा फेरविचार कोणत्या महिन्यात करायचा, हे मराठीत लिहून द्यावे. म्हणजे पुढच्या वेळी कार्ड घेऊन येणाऱ्या रुग्णाबाबत गावच्या डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही.

— एक फिजिशियन, कणकवली