चाक देणाऱ्याचंही नाव छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

क्रीडा पानावर सायकल शर्यतीची बातमी एरवीही दोन बोटांचीच असते. त्यात 'अखेरच्या क्षणी मुसंडी मारून विजय' एवढंच छापलं तर आम्ही काय समजायचं? मुसंडी मारली, पण कोणाच्या पाठीमागून? पुढे राहून वारा अडवणारा, म्हणजे 'चाक देणारा', कोण होता?

मी नेरुळचा, वय ६१. रविवारी पहाटे आम्ही आठ-दहा जण पाम बीच रोडवर असतो. मोराज सर्कल ते किल्ला जंक्शन, पैज कटिंगची. (सिग्नल लाल झाला की शर्यत तिथंच रद्द.) मे महिन्यात एकदा खाडीकडून, म्हणजे उजवीकडून वारा होता. एक कॉलेजकुमार, मांड्या माझ्या दुप्पट, सबंध रस्ता पुढे. मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, जरासा डावीकडे, त्याच्याच आडोशाला. शेवटच्या दोन खांबांआधी बाहेर पडलो आणि अर्ध्या चाकानं पुढे गेलो. "काका, ही चीटिंग आहे!" अरे बाबा, हाच तर खेळ आहे.

मोठ्या शर्यतीत हा आडोसा संघातलाच माणूस देतो. टूर द फ्रान्स ही अनेक दिवसांची, टप्प्याटप्प्यांची शर्यत. २००९ मध्ये तिच्या शेवटच्या दिवशी पॅरिसला मार्क रेनशॉनं आपल्या संघातल्या मार्क कॅव्हेंडिशला शेवटच्या वळणातून असं काही बाहेर काढलं, की कॅव्हेंडिश पहिला आणि वारा अंगावर घेणारा रेनशॉ स्वतः दुसरा! तोच कॅव्हेंडिश २०२४ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, टूरमधला आपला ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सच्या विक्रमाच्या पुढे गेला. निव्वळ पायांच्या जोरावर त्या वयात हे होत नाही. कोणाचं चाक धरायचं, कधी सोडायचं, वारा समोरून असेल तर किती उशिरा निघायचं, हे सगळं सत्तर किलोमीटरच्या वेगात ठरवायचं.

आणि रेषा येईपर्यंत हँडल सोडायचं नाही. २००४ मध्ये इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीत त्साबेलनं रेषेआधीच जिंकल्यासारखे हात वर केले आणि फ्रेइरेनं सायकल पुढे ढकलून जवळपास तीनशे किलोमीटरची शर्यत त्याच्या हातून काढून घेतली.

मुंबई-पुणे शर्यतीतल्या 'घाटाचा राजा'चं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण सपाटीवरच्या निकालाखाली एवढं तरी द्या : वारा कुठून होता, शेवटचं वळण रेषेपासून किती मीटरवर होतं, विजेत्याला तिथवर कोणी आणलं. जागा नसेल तर शॅम्पेन उडवतानाचा फोटो थोडा कापा.

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई