गुण मोजावेत, पण शेवटची निवड चिठ्ठीने व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागरिकत्वाच्या मर्यादित जागा गुणांकनाने कशा वाटाव्यात, याविषयीची चर्चा आपल्या दैनिकात वाचली. कॅनडाला जाण्याच्या खटपटीत असलेली मुले आता आमच्या तालुक्यातही आहेत, त्यामुळे हा विषय आम्हाला परका नाही. मी लिहितो आहे ते मात्र वेगळ्या कारणाने. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात ग्रामसेवक या नात्याने मी स्वतः घरोघरी जाऊन गुण भरलेले आहेत. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितके कुटुंब गरीब.

त्यात माणशी कपडे किती, असा एक प्रश्न होता. दोन किंवा तीन असतील तर एक गुण, चार किंवा पाच असतील तर दोन. एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीच्या दांडीवर दोन लुगडी होती आणि पत्र्याच्या पेटीत लेकीने दिलेली दोन कोरी. "साहेब, हे तं मी मेल्यावर नेसवाचे लुगडे हायेत, हेबी मोजता काय?" असे तिने विचारले. मी मोजली. पत्रक नियमाप्रमाणे भरले गेले आणि म्हातारी एका गुणाने यादीबाहेर राहिली. गरीब किती धरायचे याची मर्यादा वरून आलेली असल्यामुळे रेषा कोठे ओढायची हे तिच्या गरिबीवर नव्हे, तर त्या आकड्यावर ठरत होते.

परदेशातील गुणपद्धतीचेही याहून वेगळे नाही. कॅनडाने ती १९६७ साली आणली. आज तेथे १२०० पैकी गुण दिले जातात आणि निवडीच्या प्रत्येक फेरीत जितक्या जणांना बोलवायचे, तितके भरले की कट-ऑफ तेथे थांबतो. (हे गुण कायम वास्तव्यासाठी असतात, नागरिकत्वाचा अर्ज पुढे पाच वर्षांत १,०९५ दिवस तेथे राहिल्यावर करता येतो. या दोन गोष्टींची चर्चेत सरमिसळ होते.) रेषेवर गुण समान झाले, तर ज्याची माहिती संगणकावर आधी भरली गेली तो आत येतो, आमच्या गावात रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावे लागते, हे त्या संगणकाला कसे कळावे? ४९ पैसे पैसेवारीचे गाव दुष्काळी आणि ५१ पैशांचे सुखी, हा हिशेब सोसलेल्या शेतकऱ्याला एका गुणाच्या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून गुण टाकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. गुण नकोत, लोकांनाच विचारा, असे म्हणणाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील एमेन या गावाचे उदाहरण पाहावे. तेथे २००० साली नागरिकत्वाचे अर्ज मतदानाला टाकले गेले, तेव्हा इटालियन अर्जदार स्वीकारले गेले आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले नाकारले गेले. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे मतदान घटनाबाह्य ठरवले. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जात असताना जो बसला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

माझी सूचना अशी की, गुणांनी फक्त किमान पात्रता ठरवावी. भाषा, कामाचा अनुभव, स्वच्छ चारित्र्य यांची पट्टी हवी तितकी उंच ठेवा; परंतु ती ओलांडणाऱ्या सर्वांना एकाच रांगेत धरून जागा चिठ्ठीने, सर्वांसमक्ष वाटाव्यात. सरपंचपदाचे आरक्षण तहसीलमध्ये लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढून ठरते आणि खासगी शाळांतील २५ टक्के जागाही सोडतीने भरल्या जातात. यात गुणवंतावर अन्याय होतो, असा आक्षेप येईल. परंतु ४८१ आणि ४८२ गुणांमध्ये गुणवत्तेचा फरक असतो, हे ज्याने स्वतः पत्रके भरली आहेत तो तरी म्हणणार नाही.

ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याची पात्रता पुढच्या काही सोडतींसाठी कायम धरावी, हेही नियमातच लिहिलेले असावे. कॅनडात वयाचे पूर्ण गुण २९ व्या वर्षापर्यंतच मिळतात, पुढे ते घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. तेव्हा वाट पाहण्यात गेलेली वर्षे अर्जदाराच्याच खात्यातून कापली जाऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ