'गोत्तिल्ल' म्हणजे मौन नव्हे

मा. कायदामंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळूरु यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात वकिली करतो. काही वर्षांपूर्वी एका कोर्टात माझ्या तारखेची वाट बघत मागच्या बाकावर बसलो होतो. बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला होता. सरकारी साक्षी संपून आरोपीच्या जबाबाची पाळी आली. साठीतला शेतकरी, फक्त मराठी जाणणारा. प्रश्न कन्नडमधून येत होते आणि तो प्रत्येकाला हात जोडून एकच शब्द म्हणत होता, 'गोत्तिल्ल'. माहीत नाही. बाहेर कुणीतरी त्याला तेवढंच शिकवलं असावं. शेवटी विचारलं गेलं, आणखी काही सांगायचं आहे का? त्यालाही त्याचं उत्तर 'गोत्तिल्ल'. नंतर पायरीवर बसून तो मला सांगत होता, पहिली काठी त्याच्याच डोक्यात बसली होती.

संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. सक्तीच्या नार्को चाचणीने, म्हणजे औषधाने गुंगीत नेऊन प्रश्न विचारण्याने, हा हक्क मोडतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं ते सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, म्हणजे आपल्याच राज्याच्या. सरकारी साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, तो जबाब पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली होई; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१ लागू आहे. शपथ नाही. उत्तर नाकारलं म्हणून शिक्षा नाही. आरोपी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला नाही, तर त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढायलाही कायद्याने मनाई आहे.

पण या जबाबात दिलेलं उत्तर मात्र न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. शिवाय घराच्या चार भिंतींत घडलेल्या खुनासारख्या प्रकरणांत आरोपीने काहीच खुलासा केला नाही, तर ते त्याच्यावर उलटल्याचे निकाल आहेत. म्हणून गप्प राहायचं की बोलायचं, हे माणसाने समजून-उमजून ठरवायला हवं. त्या शेतकऱ्याने काय ठरवलं होतं? तो हक्क वापरत नव्हता, त्याला काही कळतच नव्हतं. आणि कागदावर दोन्ही सारखंच उमटतं.

कोर्टाची भाषा आरोपीला येत नसेल, तर त्याचा जबाब त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावा आणि त्यात भर घालायची मुभा द्यावी, असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात दुभाषा म्हणून बऱ्याचदा समोर जो कुणी असेल, शिपाई नाहीतर दुसऱ्या पक्षाचा कारकून, तोच दोन वाक्यांत उरकतो. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे फायलींचा डोंगर असतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथेच राहू दे. हे पत्र त्याबद्दल नाही. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे.

उच्च न्यायालयाशी बोलून बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या फौजदारी कोर्टांत प्रशिक्षित मराठी दुभाषे नेमा. पैसा राज्याचा लागणार, म्हणून तुम्हाला लिहितोय. आणि जबाबाच्या आधीच्या तारखेला आरोपीच्या हातात त्याचे हे हक्क समजावणारं मराठीतलं एक पान द्या. वाचता येत नसेल त्याला ते वाचून दाखवा.

त्या पानाचा मसुदा सोबत जोडला आहे. एका बाजूला मराठी, मागे कन्नड.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक वकील