‘साकु’ तिसऱ्यांदा यावा लागतो

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आम्हा हौशी एकांकिकावाल्यांच्या संहिता तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिल्यात, त्याबद्दल हे जाहीर आभार. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या निर्मातीला चित्रीकरणाच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, हे ठाऊक असल्यामुळे त्याचं मोल आम्हाला अधिक वाटतं.

मराठी वाहिनीसाठी लिहायचं तर इकडचं कन्नड मिसळलेलं बोलणं गाळा, असं बहुतेक जण सांगतात. तुम्ही ते सांगितलं नाहीत. अनोळखी शब्दामुळे हशा जात नाही. तो शब्द हशाच्या जागीच पहिल्यांदा आला, तर जातो. प्रेक्षक अर्थ शोधत राहतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून कन्नडातला ‘साकु’, म्हणजे ‘पुरे’, आधी पंगतीत आणायचा. वाढपी भात वाढतोच आहे, पाहुणा पानावर हात आडवा धरून ‘साकु, साकु’ म्हणतो. अर्थ त्या हातानंच सांगितला. मग एकदा चहाच्या कपावर. तिसऱ्यांदा, पुढाऱ्याचं भाषण लांबलेलं असताना मागच्या रांगेतून नुसतं ‘साकु!’ पुण्यातला माणूसही तिथं हसणार. आमची बोली वाचली ती या एका युक्तीनं.

वेळेचा हिशेबही तुम्हीच शिकवलात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं उरतात. त्यात शीर्षकं, सूत्रसंचालन आणि दोन प्रहसनं. म्हणजे ३५ मिनिटांची एकांकिका आठ मिनिटांत बसवायची. घड्याळ लावून मोठ्यानं वाचायचं, सातव्या मिनिटाला संपवायचं आणि एक मिनिट हशासाठी सोडायचं. नाहीतर संकलनात कात्री पहिल्यांदा नटाच्या थांबण्यावर चालते, आणि विनोद बऱ्याचदा त्या थांबण्यातच असतो. हशा चढताना बोललं तर वाक्य बुडतं, पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर प्रसंग पडतो. तो उतरू लागला की तोंड उघडायचं.

तीन कॅमेऱ्यांपैकी एक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, म्हणून संहितेत ‘कोण ऐकतंय’ हेही लिहायचं. दोघं एकदम बोलले तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, मग वाक्य वेगळं कापता येत नाही. बारीक चौकड्यांचं इरकल कॅमेऱ्यात लहरतं. बोरमाळ कॉलरमाइकवर घासते. नाटकवाल्यांना हे कुणी सांगत नाही हो!

निर्मितीत जायचं म्हणणाऱ्या मुलांना तुम्ही आधी कॉलशीट भरायला लावलीत: कोण किती वाजता, कोणता सेट, कोणतं सामान. सेट बदलला की प्रकाशयोजना नव्यानं करावी लागते आणि तिथंच दिवस संपतो. म्हणून एका सेटवरची सगळी दृश्यं सलग घ्यायची, क्रम पुढेमागे झाला तरी. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात तिथं काम केलेले पु. ल. देशपांडे कधीकाळी इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यामुळे ही वाट बेळगावला परकी नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुमच्या लाल खुणांसकट संहितांच्या झेरॉक्स गावोगावच्या मंडळांत वाटल्या आहेत. पंगतीचा प्रसंग आता सात मिनिटांत बसतो. पुढच्या खेपेला याल तेव्हा कुंदा घेतल्याशिवाय सोडणार नाही, आणि तेव्हा ‘साकु’ चालणार नाही.

आपले,
सीमाभागातील हौशी एकांकिका कलाकार