ओडा हे गाव खरं आहे, आणि त्या फॅन लोकांना रिकामटेकडे म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत, तिकडचे जुने नॉर्स देव आणि राक्षस आजच्या एका गावात दाखवणाऱ्या ‘रॅग्नारॉक’ या नॉर्वेच्या सिरीजवर जो लेख आला होता तो वाचला, म्हणजे आधी माझ्या पुतणीने वाचला आणि पेपर माझ्यासमोर आपटून म्हणाली काका हे वाचा आणि उत्तर लिहा, म्हणून लिहितोय. मी काही सिनेमा-सिरीजवाला माणूस नाही. खताच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्लांटवर काढली, आता घरी बसून डाळिंब सोलतो आणि पुतणीबरोबर टीव्ही बघतो. पण त्या लेखात दोन गोष्टी खटकल्या. एक, त्यात म्हटलंय की सिरीज संपून इतका काळ झाला तरी शेवटावरून भांडणारे फॅन म्हणजे रिकामटेकडी पोरं, देव खरे नव्हतेच तर एवढा कालवा कशाला. आणि दुसरं, ज्या गावात ही गोष्ट घडते ते ‘पूर्णपणे कल्पनेतलं’ आहे असं लिहिलंय. दुसऱ्याचं आधी बोलतो कारण त्यात मला कळतं.

(ज्यांनी बघितली नाही त्यांनी पुढे वाचू नये, शेवट फुटेल.)

सिरीजमधल्या गावाचं नाव एड्डा, ते नाव खोटं, मान्य. पण शूटिंग झालंय ते ओडा नावाच्या खऱ्या गावात, नॉर्वेच्या पश्चिमेला हार्डांगर फ्योर्डची (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) एक लांबलचक शेपटी आत घुसते तिच्या टोकाला. पहिल्या एपिसोडमध्ये डोंगर, मधे अरुंद पाणी आणि काठावर कारखाना असं दिसलं तेव्हा मी सहज विचारलं कुठलं गाव गं हे, पुतणीने फोनवर बघून सांगितलं, ओडा. मी ताटावरून उठलोच. आमच्या लाइनमध्ये ‘ओडा प्रोसेस’ माहीत नसलेला माणूस नसेल. रॉक फॉस्फेट, म्हणजे फॉस्फेटचा खनिज दगड, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं, मग थंड करायचं म्हणजे कॅल्शियम नायट्रेटचे खडे खाली बसतात, ते गाळून काढायचे आणि उरलेल्या द्रावापासून नायट्रोफॉस्फेट खत करायचं. १९२७ साली एर्लिंग जॉन्सन नावाच्या केमिस्टने हे शोधलं ते याच गावात, म्हणून प्रोसेसला गावाचं नाव पडलं. मी ते नाव ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं, इतकी वर्षं तोंडात घोळवलेलं, आणि ते एक गाव आहे, तिथे लोक राहतात, शाळा आहे, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं! देव बघायला बसलो आणि आपला प्लांट भेटला.

मग काय, त्या रात्री एपिसोड राहिला बाजूला आणि मी ओडाची माहिती काढत बसलो. धबधब्यांवर वीज स्वस्त मिळते म्हणून १९०८ च्या सुमाराला तिथे कार्बाइडचा कारखाना आला. आपल्याकडे कार्बाइड म्हटलं की लोकांना पिकवलेले आंबे आठवतात नाहीतर वेल्डिंगवाला, पण कार्बाइडची भट्टी वीज अशी खाते की विचारू नका, म्हणून तो धंदा धरणाच्या, धबधब्याच्या पायथ्याशी जातो. तो कारखाना २००३ मध्ये बंद पडला. जस्ताचा कारखाना मात्र अजून चालू आहे. आणि त्या फ्योर्डचं पाणी एकेकाळी जस्त, शिसं, कॅडमियम, पारा यांनी इतकं खराब झालेलं की जगातल्या सगळ्यात प्रदूषित फ्योर्डांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं. १९८६ पासून जस्ताच्या कारखान्याचा गाळ पाण्यात सोडायचं थांबवून तो डोंगराच्या पोटात गुहा खोदून त्यात भरतात. आता सिरीज ज्यांनी बघितली त्यांनी आठवा, युटुल कुटुंबाचा कारखाना आणि लपवलेली ती विषारी पिंपं. लेखकाला फार लांब जावं लागलेलं नाही!

तर गोष्ट थोडक्यात. मॅग्ने नावाचा वाचताना अडखळणारा, एकलकोंडा पोरगा आई आणि भावाबरोबर जुन्या गावात परत येतो. गावच्या दुकानातली एक म्हातारी त्याच्या कपाळाला हात लावते आणि त्याच्यात थॉर, म्हणजे गडगडाटाचा हातोडावाला देव, जागा होतो, चष्मा लागत नाही, घण फेकला तर दीड किलोमीटर जातो. समोर युटुल, गावातलं सगळ्यात श्रीमंत घर, कारखाना त्यांचा, शाळेची हेडबाई त्यांच्यातली, आणि आतून ते जुने राक्षस. सगळ्या देवांचा बाप ओडिन आहे तो वृद्धाश्रमात. भाऊ लॉरिट्स म्हणजे लोकी, त्यांच्यातला कपटी, खोड्या करणारा देव, आणि तो पोरगा ज्याने केलाय त्याच्यासाठी तरी बघा. तीन सीझन, प्रत्येकी सहा, एकूण अठरा एपिसोड, ३१ जानेवारी २०२० ला सुरू आणि २४ ऑगस्ट २०२३ ला संपलं.

पहिला सीझन आला त्याच्या पाठोपाठ, फेब्रुवारी २०२० मध्येच, आमच्या डोंबिवलीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. तुमच्याच पेपरात फोटो होता. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस. मी डोंबिवली पूर्वेला राहतो, रात्री अकरानंतर खिडकी लावायची का उघडी ठेवायची हे नाकाने ठरतं. त्यामुळे इसोल्दे नावाची ती पोरगी वर्गात उभी राहून सांगते की हिमनदी वितळतेय आणि पाण्यात काहीतरी सुटलंय, आणि सगळा वर्ग नजर चुकवतो कारण प्रत्येकाच्या घरातला एकतरी माणूस त्या कारखान्यात कामाला, तेव्हा मला ते नॉर्वे वगैरे काही वाटलं नाही. मी स्वतः नजर चुकवणाऱ्यातला होतो. पगार घेत होतो ना. पुढे पॅराग्लायडिंग करताना ती पोरगी मरते आणि गाव म्हणतं अपघात.

आता भांडणाकडे येतो. शेवटच्या एपिसोडमध्ये असं सुचवलंय की देव, राक्षस, हातोडा हे सगळं मॅग्नेच्या डोक्यातलं असावं, लहानपणी वाचलेल्या थॉरच्या कॉमिक्समधून उभं केलेलं. झालं, जगभरच्या फॅन लोकांनी डोक्यावर घेतलं. एक पार्टी म्हणते फसवलं, तीन वर्षं आम्हाला देव दाखवले आणि शेवटी म्हणता स्वप्न होतं, हे म्हणजे परीक्षेत पेपर फुटला म्हणून निकालच रद्द. दुसरी पार्टी म्हणते नीट बघा, पहिल्या सीझनपासूनच सांगत होते, डॉक्टर होते, स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, गोळ्या होत्या, तुम्ही हातोडा बघण्यात गुंग होतात. त्यावर पहिली पार्टी जो मुद्दा काढते तो मला बिनतोड वाटतो: युटुलांच्या घरातले कितीतरी प्रसंग असे आहेत जिथे मॅग्ने हजरच नाही. लॉरिट्सच्या पोटातला तो जंत, ज्याचा पुढे समुद्रातला महासाप होतो, ते सगळं लॉरिट्स एकटा असताना. मॅग्नेच्या डोक्यातलं असेल तर ते आम्हाला कोणी दाखवलं? याला दुसऱ्या पार्टीचं उत्तर असं की आपण सगळी गोष्ट मॅग्नेच्या डोक्यातूनच बघतोय, बाकीच्यांचे प्रसंगही त्यानेच मनात रचले. हे म्हणजे कोर्टात सगळेच साक्षीदार एका माणसाचे!

आमच्या घरात या पार्ट्यांच्या मध्ये आई बसलेली असते. वय चौऱ्याऐंशी, माहेर कऱ्हाडकडचं, पालीच्या खंडोबाची जत्रा लहानपणी दरवर्षी. तिला नॉर्वेजियन कळत नाही आणि खाली येणारं इंग्रजीही, पण पुतणी तिला सांगत असते. शेवट झाल्यावर पुतणी रडकुंडीला येऊन म्हणाली आजी, म्हणजे त्याच्या अंगात काही नव्हतंच. आई म्हणाली, “येतं त्याला येतं, बघणाऱ्याला काय त्याचं.” मला एकदम लागलं ते. जत्रेत अंगात आलेल्या माणसाकडे बघून निम्मा गाव पाया पडतो आणि निम्मा म्हणतो सोंग आहे, आणि हा वाद पिढ्यानपिढ्या चालू आहे, त्यात कोणी कोणाला रिकामटेकडं म्हणत नाही. तुमचे लेखकच तेवढे म्हणतात.

एक बाजू मात्र मी गंमतीत घेणार नाही. काही फॅन असे आहेत ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा हा आजार आहे, आणि त्यांचा राग वेगळा आहे. ते म्हणतात की आजार म्हणजे गोष्टीतला धक्का नव्हे, शेवटच्या दहा मिनिटांत काढून दाखवायची वस्तू नव्हे. मॅग्नेचं शेवटी सगळं सोडून देणं जितकं सोपं दाखवलंय तितकं ते कोणालाच सोपं जात नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात मी हे जवळून बघितलंय, आधी देवऋषी झाले मग डॉक्टर, त्या मधल्या काळात काय काय झालं ते पेपरात लिहिण्यासारखं नाही. या लोकांचं म्हणणं मला पटतं. तुमच्या लेखात त्यांचा एका ओळीने पण उल्लेख नव्हता.

माझी स्वतःची तक्रार तिसरीच आहे आणि ती कुठल्याच पार्टीत बसत नाही. देव खरे धरा नाहीतर डोक्यातले धरा, पाणी दोन्हीकडे विषारीच राहतं की! हिमनदी मॅग्नेच्या कॉमिक्समध्ये नव्हती. पहिल्या सीझनमध्ये जो कारखाना गावाच्या छाताडावर बसल्यासारखा दिसायचा तो पुढे पुढे मागचा पडदा होऊन गेला आणि तिसऱ्यात देव-राक्षसांचा समझोता, हातोडा, प्रेमप्रकरणं यात माझ्या मते इसोल्देचं काम कोणाला आठवलंच नाही. भांडायचंच असेल तर यावर भांडा असं मी पुतणीला म्हटलं, ती म्हणाली काका तुम्ही प्रत्येक गोष्टीत प्लांट आणता. आणतो. गुलाबी रस्त्याचं पण असंच झालं, मंत्री येऊन बघून गेले, चार दिवस बातम्या, मग रस्ता परत काळा आणि सगळे खूश.

आणि देव आजच्या काळात आले की ते खपत नाही असं जे लेखात सुचवलंय, तेही अर्धवट आहे. न्यूझीलंडमध्ये ‘द ऑलमायटी जॉन्सन्स’ म्हणून हेच नॉर्स देव ऑकलंडमधल्या चार भावांमध्ये आणले होते, दोन सीझननंतर चॅनेलने गुंडाळायला घेतलं तर फॅन लोकांनी इतकं लावून धरलं की २०१३ मध्ये तिसरा सीझन आला. ग्रीक देवांची ‘केऑस’ २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, झ्यूस ट्रॅकसूट घालून फिरतोय, आठ एपिसोड, आणि ऑक्टोबरमध्ये बंद केल्याची बातमी. अर्धी गोष्ट हातात ठेवून. पुतणी दोन दिवस जेवताना बोलली नाही. त्यापेक्षा ‘रॅग्नारॉक’ला निदान शेवट तरी मिळाला, वाईट का होईना.

तिकडच्यांना हे नवीन वाटतं, आपल्याला का वाटावं तेच कळत नाही. तमाशातल्या गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवतो आणि मावशी त्याला पेट्रोलचा भाव ऐकवते. दामाजीपंतांच्या गोष्टीत विठोबा काय करतो, विठू महार होऊन बिदरच्या दरबारात जातो, धान्याचे पैसे भरतो आणि पावती घेतो. पावती! त्या काळच्या सरकारी हिशोबात बसलेला देव आहे तो. ओडिन वृद्धाश्रमात दिसला तेव्हा आईला काडीचं आश्चर्य वाटलं नाही, तिने फक्त विचारलं त्याला भेटायला कोणी येतं का.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की ‘पूर्णपणे कल्पनेतलं गाव’ हे दुरुस्त करून छापा, गाव ओडा, आणि जमलं तर ओडा प्रोसेसचा एका ओळीत उल्लेख करा, आमच्या जुन्या लोकांना बरं वाटेल. आम्ही मागच्या शनिवारपासून पहिला सीझन परत लावलाय. पुतणीने एक वही केली आहे, ज्या ज्या प्रसंगात मॅग्ने नाही आणि तरी काहीतरी अचाट घडतं त्याची नोंद, एपिसोड आणि मिनिटासकट. मी त्याच वहीत मागच्या पानापासून सुरुवात केली आहे, पाण्याचा किंवा कारखान्याचा विषय कुठे कुठे निघतो त्याची. दुसऱ्या सीझनपर्यंत आलो की कोणाची पानं आधी संपतात ते कळवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, डोंबिवली (पूर्व)