बोटुकली कुठल्या नदीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महसीर हा नदीतला मोठा मासा वाचवण्यासाठी धरणात मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह वाचली. पिशव्या धरून उभ्या असलेल्या सगळ्या पाहुण्यांची नावं आली. ही बोटुकली कुठल्या नदीतल्या नर-मादीची होती, ते मात्र बातमीत नव्हतं. माझी नोकरी मत्स्यबीज केंद्रात टाक्यांवर झाली, त्यामुळे मला आधी तेच विचारावंसं वाटलं. यापुढे आपल्या वार्ताहरांनी ते विचारावं, अशी विनंती आहे.

महसीरचं बीज म्हणजे रोहू-कटल्याचं बीज नव्हे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते आणि पंधरा-अठरा तासांत त्यातून जिरे, म्हणजे इवलीशी पिल्लं, बाहेर पडतं. महसीरची मादी किलोमागे काही हजारच अंडी देते. ती मोठी, पिवळसर सोनेरी आणि जड असतात, तळाच्या खड्यांत बसतात. पिल्लं बाहेर यायला तीनेक दिवस लागतात, आणि तोवर पाणी स्वच्छ आणि वाहतं राहावं लागतं. गाळ बसला की अंडी गुदमरलीच. बाहेर आलेली पिल्लं उजेडाला पाठ फिरवून, डोकी खाली खुपसून टाकीच्या कोपऱ्यात गठ्ठ्याने पडून राहतात. नवीन माणूस ती मेली समजून फेकायला निघतो. पुढे वाढही सावकाश. शेततळ्यातून वर्षभरात पैसा काढायचा असेल तर या माशाच्या नादी लागूच नये, असं मी विचारायला येणाऱ्या शेतकऱ्यांना अजूनही सांगतो.

इतका नाजूक मासा केंद्रात तयार करून दाखवला तो आपल्याच राज्यात. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीचं केंद्र आहे. तिथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात हे काम उभं केलं. पावसात ओढ्यांच्या तोंडाशी येणारे नर-मादी जाळ्यात धरायचे, मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचं वीर्य सोडून पिसाने ढवळायचं. लिहायला दोन ओळी लागल्या, करताना मात्र हात जरा जड पडला तर मादीच जाते. त्या माणसांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको.

लोणावळ्याचा महसीर म्हणजे निळसर परांचा, शास्त्रीय नावाने टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा आपला देशावरचा मासा. पण याची पिल्लं राज्योराज्यी गेली आणि १९८० च्या दशकात थेट कावेरीत पोहोचली. कावेरीला स्वतःचा महसीर होताच. पाठीला उंच कुबड, पर नारिंगी आणि अंगाने प्रचंड. १९४६ साली म्हैसूरकडच्या कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा, मासा गळाला लागला होता. कावेरीवर मासे पकडून परत सोडणारे हौशी गळवाले नोंदी ठेवत. त्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचे मासे वाढत गेलेले दिसले आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झालेला. इतका मोठा मासा, पण २०१८ पर्यंत त्याची शास्त्रीय ओळखही पक्की नव्हती. केरळातल्या पांबार नदीतून आधीच नोंदलेला टॉर रेमादेवी तो हाच, हे तेव्हा ठरलं आणि त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला. दोन वर्षांनी आपल्या खुद्रीला आता धोका कमी, अशा बातम्या आल्या. आनंदच आहे, पण त्या आनंदात कावेरीचा हिशेब कोणी मांडला नाही.

सगळा दोष बोटुकलीचा नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हे कावेरीतही झालं, आपल्याकडेही चालूच आहे. म्हणून तर नुसतं बीज सोडून भागत नाही. अंडी बसायला खडे नाहीत, चढायला वाट नाही, तिथे पिशव्या रिकाम्या करून काय साधणार?

आमच्या महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर देवीचे, त्यामुळे कोंडात कोणी जाळं टाकत नाही. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही तसंच. एवढं राखणं कोणत्याही खात्याला जमलेलं नाही. पण देवीची हद्द कोंडापुरती. पहिल्या पावसात मासा प्रवाहाविरुद्ध चढायला लागला की कोकणातल्या ओढ्या-ओढ्यावर चढणीचे मासे धरायला गर्दी होते, आणि त्यात सापडतात त्या गाभोळीने भरलेल्या माद्या. मीही मासेखाऊ आहे, चढणीच्या माशांचं कालवण काय असतं ते मला कोणी सांगायला नको. तरी पावसाळ्यात समुद्रातल्या यांत्रिक होड्या बंद ठेवता येतात, तर चार ओढे का नाहीत?

मागणी साधी आहे. महसीरच्या बीजाबरोबर त्याच्या नर-मादीची नदी लिहिलेला कागद असावा, आणि जिथे स्थानिक महसीर अजून आहे तिथे बाहेरचा सोडू नये. घाटावरचा मासा कोकणातल्या नदीत नको, कोकणातला घाटावर नको. आणि वाळणकोंड, तिळसे यांसारख्या डोहांच्या वर-खाली निदान किलोमीटरभर जून ते ऑगस्ट जाळी आणि खडी-वाळूचा उपसा बंद ठेवावा. याची सुरुवात त्या त्या गावच्या ग्रामसभेच्या ठरावाने करता येईल.

आपला,
मत्स्यबीज केंद्राचा एक निवृत्त कर्मचारी
महाड, जि. रायगड