सूचना : आहारातून पदार्थ वगळण्याआधी

सर्व सदस्य पालकांना कळविण्यात येते की, ग्लुटेन (गहू, जव यांतील प्रथिन) आणि केसीन (दुधातील प्रथिन) वगळलेल्या आहाराने स्वमग्नतेची (ऑटिझमची) मूळ लक्षणे कमी होतात, याला आजवर पुरेसा पुरावा मिळालेला नाही. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मूळ लक्षणांसाठी असा आहार देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. सीलिॲक आजाराचे (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते, त्या आजाराचे) किंवा ॲलर्जीचे निदान झालेले असल्यास गोष्ट अर्थातच वेगळी.

पोत, वास, रंग किंवा तापमान सहन न झाल्याने ज्या मुलाचा आहार आधीच चारपाच पदार्थांवर आलेला असतो, त्याचे दूध आणि गहू एकदम बंद केल्यास कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व प्रथिने कमी पडण्याचा धोका वाढतो, म्हणून आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय असा प्रयोग करू नये. अत्यंत मर्यादित आहारामुळे स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. वजन योग्य दिसते एवढ्यावर समाधान मानू नये.

मूल अचानक जेवण नाकारू लागल्यास त्याला हट्ट समजण्यापूर्वी दातदुखी, बद्धकोष्ठता व आम्लपित्त तपासून घ्यावे. माती, कागद यांसारख्या वस्तू खाणाऱ्या मुलांच्या रक्तातील लोह व शिसे यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.